तळमजल्यावरचे गृहस्थ

या गृहस्थांशी तुमची ओळख करून द्यायची म्हणजे पंचाईतच आहे, कारण ते तुम्हाला केव्हापासून ओळखतात. सकाळी तुम्ही कुंडीतली माती उकरलीत, दुपारी माळ्यावरची जुनी गादी खाली ओढलीत, तेव्हा त्यांचे कैक चिरंजीव तुमच्या नाकातून आत गेले. तुम्ही साधे शिंकलाही नसाल. नाव अ‍ॅस्परजिलस. कूळ बुरशीचं. मुक्काम, जिथे काही तरी कुजतंय तिथे. स्वभाव वरवर पाहता निरुपद्रवी.

बारसं झालं इटलीत, फ्लॉरेन्सला. पिएर अंतोनियो मिकेली नावाचे एक पाद्री वनस्पतींच्या नादात असायचे. भिंगाखाली यांचा बीजाणूंनी लगडलेला गोल माथा पाहून त्यांना चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायचा दांडा आठवला आणि १७२९ साली त्यावरूनच त्यांनी नाव ठेवलं. तेव्हा गृहस्थांच्या डोक्यात जी हवा गेली ती अजून उतरलेली नाही.

खानदान मोठं आहे आणि त्यात सगळे नमुने आहेत. एक भाऊ ओरायझी. हा जपानात भातावर वाढतो आणि साके, मिसो, सोया सॉस यांची पूर्वतयारी करून देतो. तिथल्या मद्यनिर्मितीच्या अभ्यासकांच्या संस्थेने २००६ साली त्याला चक्क राष्ट्रीय बुरशीचा मान दिला. दुसरा नायगर. हा कारखान्यात साखर खाऊन सायट्रिक आम्ल तयार करतो. सरबताच्या पाकिटावर ज्याचं नाव बारीक अक्षरात असतं, ते बहुधा त्याच्याच हातचं. फावल्या वेळात तो साठवलेल्या कांद्याच्या सालीखाली काळी पूड पसरून ठेवतो. तिसरा फ्लेव्हस, हा घरातला वाया गेलेला. दमट शेंगदाण्यावर बसून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करतो. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलच्या भुईमुगाच्या पेंडीतून त्याने लाखावर टर्की मारल्या. तेव्हा कारण कळेना, म्हणून लोकांनी त्या रोगाला नुसतं ‘टर्की एक्स’ म्हटलं. आणि चौथा फ्युमिगेटस. खताच्या ढिगात पन्नास अंशांतसुद्धा याला घाम येत नाही. आपल्या शरीराचे सदतीस अंश म्हणजे त्याला हिल स्टेशन.

आपली गोष्ट मुख्यतः या शेवटच्या दोघांची. घराणं एकच, वागणूकही सारखी, म्हणून मी दोघांनाही मिळून गृहस्थच म्हणणार आहे.

त्यांचा एक बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचा. केसाच्या जाडीत वीसएक सहज मावतील. नाकातल्या सूक्ष्म केसांची झाडलोट चुकवून तो थेट फुप्फुसात पोचू शकतो. तिथे पांढऱ्या पेशी त्याला गिळून टाकतात आणि विषय संपतो. हे रोज, आयुष्यभर चालतं. म्हणजे गृहस्थ दारावर येतात, हाकलले जातात, उद्या पुन्हा येतात. अपमान वाटून घ्यायचा नाही, हा त्यांचा पहिला गुण. दुसरा गुण वाट पाहणे. तो जास्त धोक्याचा.

आता वरच्या मजल्यावरच्या बाईंबद्दल सांगायला हवं. शाळेच्या पुस्तकात त्यांना पियूषिका ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात पिट्यूटरी. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम आणि कारभार सगळ्या शरीराचा. थायरॉइडने किती काम करायचं, अ‍ॅड्रिनलने कॉर्टिसोल किती सोडायचं, पाळी यायची का, दूध उतरायचं का, पोराची उंची वाढायची का, लघवीतून पाणी किती जाऊ द्यायचं, सगळ्या कागदांवर बाईंची सही. खरं तर हुकूम त्यांच्याही वरून, हायपोथॅलॅमसकडून येतात. पण ते बाईंसमोर बोलायचं नाही.

राहायलाही त्या तशाच ठिकाणी आहेत. कवटीच्या तळाशी, अगदी मधोमध, हाडात कोरलेली एक खोलगट जागा. शरीरशास्त्रात तिला तुर्की खोगीर म्हणतात. छतावरून दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदून जातात. डाव्या-उजव्या भिंतीला लागून मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या आणि डोळे फिरवणाऱ्या नसा. इतक्या बंदोबस्तात कुणी शिरेल कसं? पण बांधकामात एक खोट राहून गेली आहे. बाईंच्या पायाखाली हाडाचा पातळ पत्रा आहे, आणि त्याच्या खाली एक रिकामी, हवेशीर खोली: स्फेनॉइड सायनस. तिचं दार नाकात उघडतं.

वैद्यकाच्या इतिहासात या बाईंची बदनामीही भरपूर झाली. मेंदूतला कफ गाळून नाकात सोडणं एवढंच यांचं काम, असं गेलनने दुसऱ्या शतकात सांगितलं आणि पुढची दीड हजार वर्षं मोठमोठ्या वैद्यांनी ते प्रमाण मानलं. १५४३ साली मानवी शरीराचा नवा नकाशा काढणाऱ्या व्हेसालियसनेही या बाबतीत गेलनचीच री ओढली. सतराव्या शतकात जर्मनीत श्नायडर आणि इंग्लंडात लोअर यांनी दाखवून दिलं, की बाबांनो, मेंदूतून नाकात उतरायला असा रस्ताच नाही. ते बरोबरच होतं. फक्त आपल्या गृहस्थांना हे कुणी कळवलं नाही. ते नाकातून वर निघाले.

अर्थात निघाले म्हणजे लगेच पोचले असं नाही. आधी ते तळमजल्यावर बिऱ्हाड करतात. स्फेनॉइडचं दार अरुंद. सूज येऊन ते बंद झालं, की आत चिकट स्राव साठतो आणि गृहस्थ पथारी पसरतात. महिने जातात, कधी वर्षही. माणसाला एवढंच जाणवतं, की डोळ्यांच्या मागे किंवा टाळूपाशी सारखं दुखतंय. मग घरचे निदान करतात. सर्दी मुरली आहे, वाफारा घे. चष्म्याचा नंबर वाढला असेल. मोबाइल कमी कर. अशी निदानं बहुतेक वेळा खरी ठरतात, त्यामुळे घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

इकडे गृहस्थ छताचं हाड कुरतडत असतात. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा रक्ताच्या कर्करोगाने खाली आणली आहे, ज्यांच्यात दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेलं आहे, त्यांच्या शरीरात ते रक्तावाटेही वर जाऊ शकतात. पण गंमत अशी, की पिट्यूटरीपर्यंत पोचल्याच्या ज्या मोजक्या नोंदी जगभरातून झाल्या आहेत, त्यांतली बरीच माणसं चांगली धडधाकट होती. साखर नाही, स्टेरॉइड नाही, काही नाही. आपल्याकडे आणि सुदानसारख्या उष्ण, धुळीच्या प्रदेशात फ्लेव्हस अशा ठणठणीत माणसांच्या सायनसमध्येही मुळं धरतो, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. तेव्हा ‘मला कुठला आजार नाही’ हे वाक्य गृहस्थांना ऐकवून उपयोग नाही.

त्यांचा खरा गुण पुढे आहे. गृहस्थ पक्के बहुरूपी आहेत. इतर जंतू आले की गाजावाजा करतात; ताप, थंडी, पू, रक्तात पांढऱ्या पेशींची धावपळ. गृहस्थ आले की बहुतेक वेळा काहीच होत नाही. ताप नाही, रक्ताचा रिपोर्ट सरळ. ते गाठीचं सोंग घेऊन बसतात. पिट्यूटरीत साध्या, कर्करोग नसलेल्या गाठी पुष्कळांना होतात. त्यांचं नाव अ‍ॅडेनोमा. गृहस्थांनी नेमका तोच वेष निवडला आहे, कारण तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे आणि त्याला कुणी ओळखपत्र मागत नाही.

सोंग कसं वठवतात पाहा. ते छतावरच्या नसांवर दाब देतात. माणसाला समोरचं स्वच्छ दिसतं आणि दोन्ही बाजूंचं हळूहळू पुसलं जातं. चौकात उजवीकडून आलेली रिक्षा अंगावर येईपर्यंत दिसत नाही. दाराच्या चौकटीला खांदा लागतो. अ‍ॅडेनोमाही नेमकं हेच करतो. बाईंचं काम मंदावतं, मग थकवा, उलट्या, पाळी बंद, उभं राहिलं की चक्कर. अ‍ॅडेनोमाही हेच करतो. मग एमआरआय होतो आणि रिपोर्टमध्ये छापून येतं, की पिट्यूटरीत मोठी गाठ दिसते, अ‍ॅडेनोमाची शक्यता, कृपया लक्षणांशी पडताळून पाहावे. हे शेवटचं वाक्य रेडिओलॉजिस्ट सगळ्याच रिपोर्टांखाली लिहितात. इथे ते खरोखर पाळायला हवं होतं, एवढंच.

कारण कसलेल्या बहुरूप्याच्याही धोतराखालून कधी बूट दिसतो. यांचे दोन-तीन बूट आहेत. एक म्हणजे तहान. माणूस तांब्यावर तांब्या पाणी पितो, रात्री चार-चारदा उठतो, साखर तपासली तर उत्तम. बाईंच्या मागच्या खोलीतला पाणी राखणारा हार्मोन संपत आलेला असतो. साधा अ‍ॅडेनोमा ऑपरेशनच्या आधी हा प्रकार क्वचितच करतो. सूज आणि संसर्ग करतात. दुसरा बूट म्हणजे पापणी खाली येणं किंवा एकाचे दोन दिसणं. हेही अ‍ॅडेनोमाच्या मानाने लवकर आणि जास्त. तिसरा तळमजल्यावरच दिसतो: गाठीखालचा सायनस भरलेला, मधलं हाड खाल्लेलं.

आणि एक खास लकब. एमआरआयच्या टी-टू नावाच्या चित्रात पाणी पांढरंशुभ्र दिसतं, सूजही उजळ दिसते. गृहस्थ बसलेले असतील तिथे मात्र काळं. ते अंगावर लोह, मँगनीज असे धातू बाळगतात, त्याचा हा परिणाम. घाईत पाहणाऱ्याला वाटतं सायनसमध्ये हवा आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. तीच जागा सीटी स्कॅनमध्ये पाहिली, तर पांढरी, भरीव. एका तपासणीत गैरहजर आणि दुसरीत ठाण मांडून बसलेले, असा हा माणूस आहे.

एवढं करूनही बहुतेकांच्या बाबतीत गृहस्थ पकडले जातात ते ऑपरेशनच्या टेबलावरच. पिट्यूटरीचं ऑपरेशन हल्ली नाकातूनच, दुर्बिणीने करतात; म्हणजे डॉक्टरही गृहस्थांच्याच वाटेने वर जातात. अ‍ॅडेनोमा बहुधा मऊ असतो, बारीक चमच्याने खरवडला की शोषनळीत येतो. सर्जनचा हात त्याला सरावलेला असतो. आणि एखाद्या दिवशी चमचा अडतो. समोर चिवट, रबरासारखं, करड्या रंगाचं काही तरी, किंवा तपकिरी-हिरवट मातकट लगदा. खोलीत गप्पा चालल्या असतील तर त्या थांबतात. सर्जन म्हणतो, हे अ‍ॅडेनोमाचं वागणं नव्हे. एक तुकडा ताबडतोब तपासणीला जातो आणि चमचा आता फार जपून चालतो, कारण मेंदूचं आवरण फाटलं तर गृहस्थांना थेट दिवाणखान्यात बसवल्यासारखं होईल. याचसाठी अशा वेळी कवटी उघडून वरून जाण्यापेक्षा खालची वाट बरी मानतात.

त्यांचा रुबाब पाहायचा तर पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली. चांदीच्या क्षारांचा रंग दिला, की हिरव्या पार्श्वभूमीवर काळ्याभोर, एकसारख्या जाडीच्या फांद्या उमटतात. प्रत्येक फांदीत ठरावीक अंतरावर आडवे पडदे, आणि फाटा फुटतो तो साधारण पंचेचाळीस अंशांत, कोनमापकाने आखल्यासारखा. इथे सोंग नाही, लपवाछपवी नाही. ज्या डॉक्टरीणबाईंनी आठवडाभर नुसत्या गाठीच गाठी पाहिल्या असतील, त्यांनासुद्धा ही स्लाइड दुसऱ्यांना बोलावून दाखवावीशी वाटते. मग तिचा फोटो निघतो, मग त्यावर एक लेख होतो. पिट्यूटरीपर्यंत पोचलेले गृहस्थ इतके दुर्मीळ, की जवळजवळ प्रत्येक भेटीवर कुठल्या ना कुठल्या वैद्यकीय नियतकालिकात मजकूर येतो. एवढी प्रसिद्धी साध्या अ‍ॅडेनोमाला जन्मात मिळत नाही.

प्रसिद्धीवरून २०२१ आठवलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राच्या तोंडी एकच नाव होतं, काळी बुरशी. ती म्यूकर, आपल्या गृहस्थांशी तिचं नातं फार लांबचं. स्वभाव तर अगदी उलटा. म्यूकरला वाट पाहणं माहीत नाही. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड दिसली, की ती नाकातून डोळ्यात, जबड्यात, मेंदूत दिवसांच्या हिशेबात घुसते, वाटेतल्या रक्तवाहिन्या बंद करत. त्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना सांगून तिची प्रत्येक केस कळवणं बंधनकारक करायला लावलं, आणि अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या एकेका कुपीसाठी नातेवाईक गावोगाव फोन करत होते. त्याच सुमाराला मोबाइलवर निरोप फिरू लागले, की कांद्यावरची काळी पूड म्हणजेच काळी बुरशी, कांदे फेकून द्या. ती पूड नायगरची! लासलगावच्या मालावर हा पोरगा कधीपासून बसतोय, आणि आळ आला तो भलत्याच घराण्याच्या करणीचा. गृहस्थांच्या घराण्यावर अन्याय झाल्याचा हा एकच प्रसंग मला माहीत आहे.

स्टेरॉइडवर मात्र दोघांचंही सारखंच प्रेम. आणि इथे डॉक्टरांची खरी कसोटी लागते. पिट्यूटरी सुजण्याचं आणखी एक कारण असतं: शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती तिच्यावर उलटते. त्यावर उपाय म्हणून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड देतात. एमआरआयवरून गृहस्थांनाच तो आजार समजून कुणी असा डोस दिला, तर पहिले काही दिवस डोकेदुखी कमी होते, घरात पेढे येतात. सूज उतरते ना! गृहस्थ मात्र जेवायला बसलेले असतात. मग एक दिवस शेजारच्या धमनीची भिंत पोखरली जाते आणि अर्धांगाचा झटका येतो.

उलट बाजूही लक्षात घ्यायला हवी, नाही तर माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ निघेल. बाईंचं काम बंद पडल्यावर शरीराला रोजचं कॉर्टिसोल मिळत नाही; ते गोळीने दिलंच पाहिजे, आणि तेही स्टेरॉइडच. दिवसाला पंधरा-वीस मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन हे औषध नव्हे, उसनवारीची परतफेड आहे. ऑपरेशनच्या वेळी ते वाढवावंही लागतं. थायरॉइडची गोळीही लागते, पण कॉर्टिसोलच्या आधी ती सुरू केली तर माणूस कोसळू शकतो. हा क्रम चुकवू नये, एवढी अक्कल जुन्या डॉक्टरांनी नव्या डॉक्टरांच्या डोक्यात घालून ठेवलेली आहे.

गृहस्थांना बाहेर काढायला पूर्वी अ‍ॅम्फोटेरिसिनच होतं. हे औषध व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जंतूपासून १९५०च्या दशकात मिळालं. म्हणजे मातीतल्याला मातीतलाच भारी पडला. पण औषध तापट. सलाइन चढत असतानाच रुग्ण हुडहुडीने पलंग हलवायचा आणि मूत्रपिंडावर बोजा पडायचा तो वेगळाच. २००२ साली व्होरिकोनाझोल नावाच्या दुसऱ्या औषधाची त्याच्याशी गाठ घालून दिली गेली. अंगात शिरलेल्या अ‍ॅस्परजिलसच्या रुग्णांपैकी बारा आठवड्यांनंतर व्होरिकोनाझोलवरचे एकाहत्तर टक्के जिवंत होते, अ‍ॅम्फोटेरिसिनवरचे अठ्ठावन्न. तेव्हापासून पहिला मान याला. याचीही खोड आहे: गोळी घेतल्यावर काही वेळ रंग भडक दिसतात, दिव्यांभोवती लखलखाट होतो, उन्हात कातडी भाजते. महिनोन्‌महिने घ्यावी लागते, आणि रक्तातलं प्रमाण मोजत राहावं लागतं, कारण तीच गोळी एकाला कमी पडते आणि दुसऱ्याला बाधते. म्यूकरला मात्र ही गोळी ढिम्म लागू पडत नाही. म्हणून नुसतं ‘बुरशी आहे’ एवढं कळून भागत नाही, कुठल्या घराण्यातली ते कळावं लागतं.

गृहस्थ गेल्यावर नजर बऱ्याच वेळा परत येते, विशेषतः नसा वेळेवर मोकळ्या केल्या तर. बाईंचा कारभार मात्र पुष्कळदा परत येत नाही. त्या असतात, पण सह्या करत नाहीत. मग सकाळची गोळी, दुपारची गोळी, तहानेसाठी रात्री डेस्मोप्रेसिन. आणि खिशात एक कार्ड, की मी बेशुद्ध सापडलो तर आधी हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्या. असं कार्ड बाळगणारे लोक नोकऱ्या करतात, लग्नाच्या पंक्तीत वाढतात, गणपतीत नाचतातही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी उद्या पिट्यूटरीच्या गाठीचं ऑपरेशन व्हायचं असेल, तर घाबरू नका; ती गाठ जवळजवळ नक्कीच साधी असेल. फक्त ऑपरेशनच्या आधी सर्जनला एक गोष्ट विचारून ठेवा: तुकडा कशात घालून पाठवणार? काढलेला सगळा तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत गेला, तर गृहस्थ स्लाइडवर दिसतील, पण कल्चरमध्ये उगवणार नाहीत. फॉर्मेलिनने ते मरतात, आणि मग कुठल्या घराण्यातले आणि कुठल्या औषधाला दबतात हे सांगणं अवघड होऊन बसतं. काही शंका आली, तर थोडा भाग साध्या सलाइनमध्ये वेगळा पाठवायचा असतो.